गोल्फची गाडी रस्त्यावर येते तेव्हा

वाहतुकीचे नियम म्हटले की आपल्याला प्रथम आठवते ती वेगमर्यादा. या रस्त्यावर यापेक्षा जोरात जाऊ नये, शाळेजवळ आणखी हळू जावे, वगैरे. वेग म्हणजे धोका आणि संथपणा म्हणजे सुरक्षितता, असे आपण मनाशी धरून चालतो. मग एखादे वाहन मुळातच इतके संथ असेल की त्याला रस्त्यावरची वेगमर्यादा कधी गाठताच येणार नाही, तर त्याच्यासाठी नियम कशाला हवेत?

अमेरिकेत असे एक वाहन आहे, आणि त्याच्यासाठी तिथल्या राज्यांनी आणि नगरपालिकांनी पानेच्या पाने नियम केलेले आहेत. ते वाहन म्हणजे गोल्फ कार्ट. फ्लोरिडा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना अशा राज्यांचे हे नियम वाचायला घेतले तेव्हा आम्हाला ते कायद्याच्या पुस्तकापेक्षा नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या जवळचे वाटले. ताशी २० मैल, २५ मैल, ३५ मैल, सूर्योदय ते सूर्यास्त, आरसा, परावर्तक: प्रत्येक कलमामागे एखादे सूत्र लपलेले आहे. काही कलमांमागे मात्र कोणतेच सूत्र सापडत नाही, आणि खरे वाद त्यांच्यावरूनच होतात.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलेला असतो. त्याचे मैदान कित्येक एकरांचे असते. अठरा खळग्यांचा एक डाव पुरा करायचा तर खेळाडूला काही किलोमीटर चालावे लागते, तेही काठ्यांची जड पिशवी बरोबर घेऊन. त्यासाठी ही छोटी गाडी निघाली. दोघांना बसण्यापुरते रेक्झिनसारख्या गुळगुळीत आवरणाचे बाक, चार खांबांवर एक छप्पर, दोन्ही बाजू उघड्या, बाकाखाली शिशाच्या बॅटऱ्या आणि त्यांवर चालणारी मोटर. काही गाड्यांना छोटे पेट्रोल इंजिन. वेग ताशी १२ ते १५ मैल, म्हणजे १९ ते २४ किलोमीटर. आपल्याकडे मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर वृद्ध प्रवाशांना नेणारी किंवा प्राणिसंग्रहालयात फिरवणारी बॅटरीची गाडी आपण पाहिली असेल. ती याच घराण्यातली.

ही गाडी मैदान सोडून रस्त्यावर आली ती अगदी सहज. अमेरिकेत निवृत्त लोकांसाठी खास वसाहती बांधण्याची पद्धत आहे. ॲरिझोना राज्यातले सन सिटी १९६० मध्ये सुरू झाले, त्यात घरांच्या मधोमध गोल्फची मैदाने होती. गाडी घरातच ठेवायची, तर घरापासून मैदानापर्यंत ती रस्त्यावरून न्यावीच लागणार. मैदानापर्यंत नेता येते तर मग वाण्याच्या दुकानापर्यंत का नको? फ्लोरिडातल्या ‘द व्हिलेजेस’ या प्रचंड वसाहतीत आज अशा गाड्यांसाठी शंभराहून अधिक मैलांचे मार्ग आहेत, आणि मोठा हमरस्ता ओलांडायला केवळ त्यांच्यासाठी पूल आहे. जॉर्जियातल्या पीचट्री सिटी या अटलांटाजवळच्या गावात तर निवृत्तांपुरती ही गोष्ट राहिलेलीच नाही. तिथली शाळकरी मुले गोल्फ कार्टने शाळेत जातात, आणि माध्यमिक शाळेच्या आवारात या गाड्या लावायला वेगळी जागा असते.

वीस आणि पंचवीस मैल

नियमांची रचना तीन मजली आहे. सर्वांत वर संघराज्याचे सरकार. वाहन कसे बनवलेले असावे हे ते ठरवते. त्याखाली राज्य. कुठल्या प्रकारचे वाहन कुठल्या प्रकारच्या रस्त्यावर जाऊ शकते, कोण चालवू शकतो, हे राज्य ठरवते. आणि सर्वांत खाली नगरपालिका किंवा काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी रचना. या गावातल्या या रस्त्यावर गोल्फ कार्ट चालेल की नाही, हा निर्णय तिचा.

वरच्या मजल्यावर १७ जून १९९८ रोजी एक महत्त्वाची गोष्ट घडली. तोपर्यंत अमेरिकी कायद्यात एक तर पूर्ण मोटारगाडी होती, नाही तर खेळाच्या मैदानावरची गाडी. मधले काही नव्हते. त्या दिवसापासून ‘कमी वेगाचे वाहन’ असा एक नवा वर्ग अस्तित्वात आला. चार चाकांचे जे वाहन सपाट पक्क्या रस्त्यावर एक मैलाच्या आत ताशी २० मैलांहून (३२ किलोमीटर) जास्त पण २५ मैलांपर्यंतच (४० किलोमीटर) वेग घेऊ शकते, ते या वर्गात. त्याला पुढची काच, पुढचे-मागचे दिवे, वळण दाखवणारे दिवे, परावर्तक, आरसे, हँडब्रेक आणि प्रत्येक आसनाला पट्टा असलाच पाहिजे. वीस मैलांपेक्षा ज्याची धाव कमी, ते साधे गोल्फ कार्ट. त्याला यातले काहीच संघराज्याच्या नियमाने लागत नाही. काय लागेल ते राज्याने आणि गावाने पाहून घ्यावे.

इथे एक गंमत आहे. वीस मैलांची रेघ वाहनाच्या क्षमतेवर ओढलेली आहे, चालवणाऱ्याच्या वागण्यावर नाही. कुणी हौशी माणसाने मोटरच्या नियंत्रकात फेरफार करून आपली कार्ट बावीस मैलांनी पळेल अशी केली, तर ती त्या क्षणी कायद्याने गोल्फ कार्ट उरत नाही. ती पट्टे नसलेली, काच नसलेली, म्हणजे बेकायदा ‘कमी वेगाची गाडी’ होते. दोन मैलांसाठी एवढा फरक का, असे वाटेल. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंधरा मैलांवरून पंचवीसवर गेलो तर वेग वाढतो १.७ पट आणि ऊर्जा २.८ पट. रेघ कुठेतरी ओढावी लागणार होती, ती वीसवर ओढली.

संथ गाडीला धोका कुणाचा?

आता रस्त्याकडे वळू. फ्लोरिडात ‘कमी वेगाच्या वाहनाला’ ताशी ३५ मैलांपर्यंत (५६ किलोमीटर) वेगमर्यादा असलेल्या रस्त्यांवरच परवानगी आहे. साउथ कॅरोलायनात साध्या गोल्फ कार्टला हाच पस्तीसचा आकडा लागू आहे. पस्तीस का? पंचावन्न का नाही? कार्ट तर दोन्हीकडे आपल्या त्याच वेगाने जाणार!

समजा, रस्त्यावर मोटारी ताशी ५६ किलोमीटरने धावत आहेत आणि त्यांच्या पुढे एक कार्ट ताशी २४ किलोमीटरने चालली आहे. मागच्या मोटारचालकाला कार्ट दिसते, ती संथ आहे हे त्याच्या ध्यानात येते आणि पाय ब्रेकवर जातो. याला दीड सेकंद लागतो असे धरू. ब्रेक लावल्यावर मोटारीचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका घटतो असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे जमते. मोटार पूर्ण थांबवण्याची गरज नाही, तिचा वेग कार्टच्या वेगाइतका झाला की पुरे. म्हणून हिशोब करायचा तो मोटारीच्या वेगाचा नव्हे, दोन वेगांतल्या फरकाचा.

फरक आहे ताशी ३२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.९ मीटर. दीड सेकंदात दोन्ही गाड्यांमधले अंतर १३.३ मीटरने घटते. ब्रेक लागल्यावर ते आणखी किती घटेल? फरकाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट: ७९ भागिले १२, म्हणजे ६.६ मीटर. एकूण सुमारे २० मीटर. दिवसाउजेडी, सरळ रस्त्यावर हे अंतर मिळायला अडचण नाही.

आता तीच कार्ट ताशी ५५ मैल (८८ किलोमीटर) मर्यादेच्या रस्त्यावर नेऊ. फरक झाला ६४ किलोमीटर, म्हणजे बरोबर दुप्पट. विचार करण्यात जाणारे अंतर दुप्पट होते: २६.७ मीटर. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते: २६.४ मीटर. बेरीज ५३. शिवाय दीड सेकंदाचे गृहीत इथे टिकत नाही. वेगवान रस्त्यावर पुढे दिसणारी गाडी आपल्याच वेगाने चालली आहे असे चालक धरून चालतो. ती आपल्या अंगावर येते आहे हे त्याला कळते ते तिचा आकार डोळ्यांसमोर वाढताना पाहून, आणि दुरून हा आकार फार हळू वाढतो. सव्वा मीटर रुंदीची कार्ट ६० मीटरवरून जेमतेम सव्वा अंशाच्या कोनात दिसते. ओळखण्यात तीन सेकंद गेले, तर ५३ चे ८० मीटर होतात.

रात्रीचे कलम इथेच उलगडते. फ्लोरिडात साध्या कार्टला परवानगी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच. नगरपालिकेला रात्रीची मुभा देता येते, पण मग कार्टला पुढचे दिवे, ब्रेकचे दिवे, वळणाचे दिवे आणि काच लागते. दिवसासाठी चांगले ब्रेक, विश्वासार्ह स्टीअरिंग, सुस्थितीतले टायर, मागचे दिसण्यासाठी आरसा आणि लाल परावर्तक एवढ्यावर भागते. मोटारीच्या दिव्यांच्या खालच्या झोतात बिनदिव्याची काळपट वस्तू साधारण पन्नास मीटरच्या आसपास आली की मगच ध्यानात येते. आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीच्या किंवा बैलगाडीच्या मागे लाल परावर्तक लावण्याचा आग्रह धरतात तो याच पन्नास मीटरांसाठी. ट्रॉलीचा अपघात पाहिलेल्या कुणाही खेडेगावच्या शिक्षकाला हा हिशोब नव्याने शिकवायला नको.

धडक झालीच तर काय, हे संवेगाच्या अक्षय्यतेवरून काढता येते. दोन माणसांसह कार्टचे वस्तुमान ५५० किलो धरू, मोटारीचे १६०० किलो. मोटार ताशी ५६ ने मागून आदळली आणि दोन्ही एकत्र पुढे गेल्या, तर त्यांचा सामाईक वेग येतो सुमारे ४८ किलोमीटर. मोटारीचा वेग ८ किलोमीटरने घटला; आतल्या माणसाला एक गचका बसला. कार्टचा वेग मात्र एका क्षणात २४ किलोमीटरने वाढला, आणि तिच्या बाकाला मानेमागे टेकू नाही, बाजूला दार नाही. या दोन बदलांचे गुणोत्तर वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे जवळजवळ तिप्पट आहे. दोष कुणाचाही असो, मार हलक्यालाच बसतो.

१९९८ च्या नियमाने दिवे, आरसे आणि पट्टे मागितले, पण मोटारींना लागणाऱ्या धडकेच्या चाचण्या या वर्गाला लावल्या नाहीत. कमी वेगाच्या रस्त्यांवरच ही वाहने राहतील, असा त्यामागचा हिशोब. २०१० मध्ये इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने अशा वाहनांना धडका देऊन पाहिल्या. आत बसवलेल्या पुतळ्यांवरच्या नोंदी सांगत होत्या की खऱ्या माणसाला गंभीर, कदाचित प्राणघातक इजा झाली असती. हा इशारा त्या वेळी अनेकांना अतिरेकी वाटला. आम्हाला तो योग्य वाटतो. पस्तीस मैलांच्या रस्त्यावर इतर सर्वांनी पस्तीसच पाळले, तरच तो पस्तीसचा रस्ता असतो.

दुसऱ्या कुणाशीही न धडकता

आतापर्यंत आपण मोटारीकडून होणारा धोका पाहिला. पण गोल्फ कार्टच्या जखमींचे आकडे एक वेगळीच गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत १९९० ते २००६ या काळात आलेल्या जखमींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार या सतरा वर्षांत सुमारे १ लाख ४८ हजार लोक जखमी झाले होते, आणि दरवर्षीची संख्या काळाच्या अखेरीस दुपटीहून जास्त झाली होती. जखमींपैकी जवळजवळ एक तृतीयांश सोळा वर्षांखालचे होते. सर्वांत मोठे कारण, सुमारे ३८ टक्के, हे कार्टमधून पडणे किंवा उडी मारणे. म्हणजे समोर दुसरे वाहन असण्याचीही गरज नाही.

माणूस इतक्या संथ गाडीतून पडतो कसा? वळणावर. कार्ट मैदानावर फिरण्यासाठी बनवलेली असल्याने ती फार थोड्या जागेत वळते. वळणाची त्रिज्या ६ मीटर धरू. वेग ताशी १३ किलोमीटर (सेकंदाला ३.६ मीटर) असेल, तर लागणारे अभिकेंद्री त्वरण, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, सुमारे २.२ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. गुरुत्व त्वरणाच्या पावपटीहूनही कमी. ताशी १९ किलोमीटरला ते ४.६ होते, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ निम्मे. ताशी २४ ला ७.४, म्हणजे पाऊणपट.

हे अभिकेंद्री बल बाकावर बसलेल्या माणसाला कोण देणार? मोटारीत दार असते, पट्टा असतो. कार्टमध्ये बाक आणि कपडे यांच्यातले घर्षण, आणि कडेला असलाच तर कमरेच्या उंचीचा एक दांडा. घर्षण गुणांक साधारण ०.५ पेक्षा कमी असेल, तर ताशी १९ च्या वळणावर माणूस घसरायला लागणार. गाडी वळते आणि तो जडत्वाने सरळ जाऊ पाहतो. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून गाडी डावीकडे वळली की उजवीकडचा प्रवासी बाहेरच्या बाजूला जातो. चालकाला मात्र याची जाणीव कमी, कारण त्याच्या हातात स्टीअरिंगचे चाक असते. त्याला धरून तो नकळत स्वतःला सावरतो. शेजारच्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि हातांत काही नसते.

वर्गात हे दाखवायला कार्ट लागत नाही. एका पाटावर जुन्या पिशवीचे रेक्झिन ताणून बसवावे, त्यावर कापडात गुंडाळलेली वीट ठेवावी आणि पाट एका बाजूने हळूहळू उचलावा. वीट ज्या कोनाला घसरू लागते त्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे घर्षण गुणांक. साधारण २६.५ अंशांचा उतार म्हणजे ०.५. ताशी १९ किलोमीटरच्या त्या वळणावर प्रवासी जणू एवढ्या उताराच्या पाटावर, हात सोडून, कडेला बसलेला असतो. मुलांना पाटाचा तो कोन डोळ्यांनी पाहू द्यावा. कापड बदलून, पाट ओला करूनही पाहावे.

अलीकडे कुटुंबे चार-सहा आसनांच्या कार्ट घेतात. त्यांतले मागचे बाक बरेचदा उलट तोंडाचे असते, आणि बहुधा मुलेच तिथे बसतात. गाडी एकदम सुरू झाली की आपण आसनाच्या पाठीवर दाबले जातो, हा आपला नेहमीचा अनुभव. उलट तोंडाच्या बाकावर पाठीला टेकू गाडीच्या पुढच्या बाजूला असतो. गाडीने झटका घेतला की गाडी पुढे निघते आणि मूल जागच्या जागी राहते, म्हणजे समोरच्या मोकळ्या हवेत. न्यूटनचा पहिला नियम शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण नाही. उदाहरण म्हणून ते तेवढ्यापुरतेच राहावे.

ब्रेकचेही असेच. बहुतेक साध्या कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि मागची चाके हलकी होतात, म्हणजे ज्यांनी गाडी थांबवायची त्यांचीच रस्त्यावरची पकड सुटते. आमच्या ढोबळ हिशोबाने अशा गाडीला सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतके मंदन मिळाले तरी पुष्कळ. मोटारीच्या ते निम्मे आहे. शिवाय चाके अडकली तर मागची बाजू आडवी फिरते. खडीवर सायकलचा फक्त मागचा ब्रेक करकचून दाबणाऱ्या प्रत्येक मुलाने हे अनुभवले आहे. मैदानावरच्या वेगासाठी बांधलेली गाडी उतारावर भरधाव सोडली की ती आडवी होऊन उलटते ती अशी.

मग पट्टे लावून टाकावेत, हे उघड उत्तर. पण ते वाटते तितके उघड नाही. साध्या कार्टचे छप्पर उन्हापुरते असते. गाडी उलटली तर ते भार पेलत नाही. उलटणाऱ्या गाडीला बांधलेला माणूस तिच्याखाली सापडू शकतो, हा बनवणाऱ्यांचा जुना युक्तिवाद. तो पोकळ नाही. तरीही आकडे पाहिले तर उलटण्यापेक्षा पडणेच जास्त, आणि पडणाऱ्यांत मुले जास्त. साउथ कॅरोलायनाने २०२५ मध्ये रस्त्यावरच्या कार्टमधल्या बारा वर्षांखालच्या मुलांना पट्टा सक्तीचा केला. आम्हाला हा निर्णय बरोबर वाटतो, पण त्याबरोबर छप्पराचे खांबही मजबूत करायला हवेत.

ज्याला सूत्र नाही

आता वयाचा प्रश्न. फ्लोरिडात २०२३ पर्यंत चौदा वर्षांचे मूल, परवान्याशिवाय, ठरवून दिलेल्या रस्त्यावर कार्ट चालवू शकत असे. त्या वर्षी कायदा बदलला. आता अठरा वर्षांखालच्या चालकाकडे शिकाऊ किंवा पक्का परवाना हवा, आणि अठराच्या पुढच्याकडे सरकारी ओळखपत्र. चौदा आणि सोळा वर्षांच्या मुलांच्या प्रतिक्रियेच्या वेळात फारसा फरक नसतो. उलट दोघेही सत्तर वर्षांच्या आजोबांपेक्षा चपळ असतात. त्यामुळे आपल्या सूत्रांतून चौदा बाहेर पडत नाही आणि सोळाही नाही. प्रश्न आहे तो समोरचा चालक काय करणार याचा अंदाज बांधण्याचा, आणि मागे तीन मित्र बसले असताना वळणावर वेग कमी करण्याचा.

पीचट्री सिटीत मात्र बारा वर्षांचे मूलही कार्ट चालवू शकते, फक्त शेजारी पुढच्या बाकावर आई-वडील, आजी-आजोबा किंवा पालक बसलेले हवेत. हा ढिलेपणा म्हणायचा का? त्या गावात शंभराहून अधिक मैलांच्या वेगळ्या वाटा आहेत. त्या झाडांमधून जातात, आणि मोठे रस्ते त्या पुलांवरून किंवा भुयारांतून ओलांडतात. तिथे कार्टच्या मागे मोटारच नसते, म्हणजे आपल्या पहिल्या हिशोबातला ३२ किलोमीटरचा फरक शून्य झाला.

पण हिशोब तेवढ्यावर संपत नाही. त्याच वाटांवर माणसे चालतात, मुले सायकली चालवतात. आता जड आणि वेगवान वाहन कोणते? कार्टच! ५५० किलोची कार्ट ताशी २४ किलोमीटरने ७० किलोच्या माणसावर आदळली, तर संवेगाचे तेच गणित सांगते की माणसाला जवळजवळ कार्टचा सगळा वेग मिळतो आणि कार्टला ते फारसे जाणवतही नाही. मोठ्या रस्त्यावर जे मोटारीचे आणि कार्टचे नाते, तेच वाटेवर कार्टचे आणि पादचाऱ्याचे. विजेवरची कार्ट आवाज करत नाही, हा तिचा गुणही इथे अवगुण ठरतो.

गावावर निर्णय का सोडला, हे यातून कळते. फ्लोरिडाचा कायदा गावाला सांगतो की एखादा रस्ता कार्टसाठी खुला करण्यापूर्वी तिथल्या वाहतुकीचा वेग, तिचे प्रमाण आणि तिचे स्वरूप पाहा, त्यावर कार्ट सुरक्षितपणे जाऊ शकेल अशी खात्री करा, मग पाट्या लावा. वेगाचे गणित आपण केले. प्रमाण म्हणजे तासाला किती गाड्या, ओलांडायला फट मिळते की नाही. आणि स्वरूप? त्यात खडीचे ट्रक येतात का, शाळा कधी सुटते, वळणावर झाडी आहे का. हे राजधानीत बसून ठरत नाही. साउथ कॅरोलायनाने ‘नोंदलेल्या पत्त्यापासून चार मैलांच्या आत’ असे एक कलम ठेवले आहे. ते आम्हाला शहाणपणाचे वाटते, कारण चार मैलांतले खड्डे आणि वळणे माणसाला पाठ असतात.

आपल्याकडे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात केवळ कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळले आहे. आवारातली बॅटरीची गाडी नोंदणीशिवाय चालते ती त्यामुळे. फाटकाबाहेर पडली की ती सवलत संपते. मधला वर्ग आपल्याकडेही तयार झाला, पण गोल्फच्या मैदानावरून नाही: ई-रिक्षा, कमाल वेग ताशी २५ किलोमीटर, म्हणजे बरोबर कार्टचाच वेग. माथेरानला तर मोटारींना बंदी, म्हणून हातरिक्षा माणसे ओढत. तिथे २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माथेरानच्या लाल मातीच्या चढावर वेगातला फरक घोडा आणि रिक्षा यांच्यातला आहे; शहरातल्या उड्डाणपुलावर तीच रिक्षा ताशी साठने येणाऱ्या ट्रकच्या पुढे असते. एकच वाहन, एकच वेग, दोन वेगळे हिशोब.

हे मोजमाप शाळेसमोरच्या रस्त्यावर करून पाहता येईल. पदपथाच्या आत, भिंतीच्या कडेने ५० मीटर अंतर टेपने मोजून दोन खुणा कराव्यात. दोन मुलांनी खुणांपाशी रस्त्यापासून लांब उभे राहावे, एकाने हात वर करून इशारा द्यावा आणि दुसऱ्याने घड्याळावर सेकंद मोजावेत. सायकल, बैलगाडी, रिक्षा, ट्रॅक्टर, मोटार, एस.टी. अशा प्रत्येकी दहा वाहनांची वेळ घ्यावी. १८० भागिले सेकंद म्हणजे ताशी किलोमीटर. सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान वाहनांचा सरासरी फरक काढून, दीड सेकंद आणि ६ चे मंदन धरून, वर केल्याप्रमाणे अंतर काढावे. पावसाळ्यात मंदन ६ ऐवजी ४ धरावे. मग रस्त्यावरच्या वळणापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे अंतर मोजावे आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.